आल्ब्युमिन उतरलं, बोल कुणाला?

घरात कॅन्सरचा पेशंट असला, की रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी पाहुण्यांच्या हाती पडतो. "आल्ब्युमिन इतकं कमी? अहो, यांना खायला घालता की नाही?" मैत्रिणींनो, या प्रश्नाचा रोख सरळ स्वयंपाकघराकडे असतो आणि तो ऐकून घेणारी बहुधा सून किंवा बायको!

आल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीन. ते लिव्हरमध्ये तयार होतं. निरोगी माणसात १०० मिलिलिटरमागे साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असतं. ते उतरलं म्हणजे पेशंट उपाशीच राहिला, असं मात्र नव्हे हं. कॅन्सरच्या गाठीभोवती पांढऱ्या पेशींची लढाई चालू असते, पण ती निकाली निघत नाही, धुमसत राहते. या पेशी आणि खुद्द गाठही इंटरल्युकिन-६ नावाचं प्रोटीन रक्तात सोडतात. लिव्हरला पाठवलेली चिठ्ठीच म्हणा ना! ती पोचली, की लिव्हर सीआरपी हे दुसरं प्रोटीन भराभर बनवू लागतं आणि आल्ब्युमिनचं काम मागं पडतं. अचानक पाहुणे आले, की आपली रोजची कामं राहतात, तसंच. शिवाय आहे ते आल्ब्युमिनही रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं.

आणि चिठ्ठ्यांचा हा मारा थांबला नाही, की गाठीच्या पेशी हेरून मारणाऱ्या टी-पेशी उलट दबतात. म्हणून तर ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ साली ही दोन्ही प्रोटीनं एकत्र वाचायची रीत मांडली. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आणि आल्ब्युमिन ३.५ च्या खाली, म्हणजे दुखणं जास्त काळजीचं.

तेव्हा दोन अंडी जास्त दिली, की आठवड्यात आकडा चढेल, ही आशा धरू नका. मग खायला द्यायचंच नाही? द्यायचं तर! पण ते स्नायू झिजू नयेत, अंगात ताकद राहावी म्हणून. वरण, दही, अंडं, मऊ खिचडी, जे रुचेल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. किडनीचा त्रास असेल, तर प्रोटीन किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. शेजारणीनं सुचवलेला पावडरीचा डबा परस्पर आणू नका.

लिव्हर बिघडलं किंवा लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं, तरी आल्ब्युमिन उतरतं. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सीआरपी किती आहे? आल्ब्युमिन कशामुळे कमी झालंय?" आणि हे विचारताना, जमलं तर, ते बोलणारे पाहुणेही सोबत न्या!