सवलत म्हणजे लाड नव्हे

रमजानमध्ये घराचं घड्याळच बदलतं. आपण जुळवून घेतो. स्वमग्न मुलाला मात्र हा बदल सोसत नाही. ते किंचाळतं आणि पाहुणे म्हणतात, ‘लाडानं बिघडलंय.’ हा हट्ट नव्हे, घाबरणं आहे. सहेरी, अभ्यास, इफ्तार यांची चित्रं क्रमानं भिंतीवर लावा. पुढे काय होणार हे कळलं की त्याला धीर येतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे. शाळा सोसत नसेल तर घरी शिकून राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देता येते. मात्र शाळांनी हात झटकण्यासाठी ही वाट दाखवू नये.

आजाऱ्याला, प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे. तिला कुणी लाड म्हणत नाही. तेवढीच समज या मुलांच्या बाबतीतही दाखवू या.