पारा सावलीत, आम्ही उन्हात

हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ इतकं तापलेलं साल या देशानं पाहिलं नाही. १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त. पांढरपेशा हसून विचारतो, एवढ्याशानं काय होतंय?

साहेबा, सरासरी म्हणजे हिवाळ्यातली पहाट नि मे महिन्यातली दुपार एकाच टोपात ढवळलेली. आमची दुपार त्यात विरघळून जाते. आणि पारा असतो कुठं? झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीत. मी गोदीत, कंटेनरच्या तापल्या पत्र्यावर. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या पोरांना अजून सावली नाही, पाऱ्याला आहे. मोजायची रीत बरोबरच आहे. पण तो आकडा दाखवून आमच्याकडनं भर उन्हात पाळी भरून घेणं ही बदमाशी आहे.

अजून एक गोम. दर दहा वर्षांनी 'नॉर्मल' पुढं सरकतं. आधी तुलना १९८१ ते २०१० शी व्हायची. १९०१ ते २०१८ मध्ये देश सुमारे ०.७ अंशानं तापला. त्यातला बराचसा ताप आता 'नॉर्मल'मध्येच जमा! अन्याय अंगवळणी पाडायची रीतही हीच.

आम्हाला सरासरी नको. उन्हाळ्यात बारा ते चार काम बंद, मजुरी चालू. डोक्यावर छप्पर, प्यायला गार पाणी. देत नसतील तर गोदी बंद पाडा. वेधशाळेचा पारा चढलाच आहे, आता आपलाही चढू द्या.