हंडा, लाटणे आणि हसू

17 जुलै 2012 रोजी मृणालताई गोरे यांचे निधन झाले. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी सभा होतात, तसबिरीला हार घातला जातो, वक्ते त्यांच्या त्यागाचा आणि लढाऊ बाण्याचा गौरव करतात. हे सारे यथोचितच आहे. गोरेगावातील एका उड्डाणपुलालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. परंतु माणूस एकदा पुलाच्या पाटीवर गेला की त्याचे हसू हरवते. मृणालताईंच्या बाबतीत हे हसू हरवू देणे चळवळीला परवडणारे नाही. कारण ते त्यांच्या राजकारणाचा अलंकार नव्हते, त्यांच्या राजकारणाची पद्धत होती.

वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या. 1948 साली त्यांनी केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह केला. दहाच वर्षांनी, 1958 साली, बंडू गेले. तेव्हा मृणालताई तीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. त्या काळच्या समाजाने अशा स्त्रीसाठी घराचा एक कोपरा राखून ठेवलेला असे. मृणालताई त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. पतीच्या नावाने त्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला आणि 1961 साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. उपनगरांतील नळ कोरडे होते. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन त्या पालिकेच्या दारात उभ्या राहिल्या, आणि लोकांनी त्यांना नाव दिले ‘पाणीवाली बाई’.

या नावाकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात ‘भांडीवाली बाई’ असते, ‘भाजीवाली बाई’ असते. त्याच ओळीत ‘पाणीवाली बाई’ येऊन बसते. एखाद्या मानी पुढाऱ्याला असे संबोधन उपहासाचे वाटले असते. मृणालताईंनी ते पदवीसारखे मिरवले. 1977 साली त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि रायबरेलीत इंदिरा गांधींचा पराभव झाला, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा दुमदुमली. आणीबाणीच्या दडपशाहीला जनतेने दिलेले ते उत्तर होते, आणि ते हसत दिलेले होते. ज्यांच्याविषयी ही घोषणा होती, त्या काही महिन्यांपूर्वी कोठे होत्या? भूमिगत कार्यानंतर पकडल्या गेलेल्या मृणालताईंना अकोल्याच्या तुरुंगात कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण स्त्रियांच्या शेजारच्या कोठडीत ठेवण्यात आले होते. त्यांना खचविण्यासाठीच हे केले गेले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या खचल्या नाहीत.

1972 सालच्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल यांच्या टंचाईने घराघरांतील चूल विझू लागली, तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवादी प्रमिलाताई दंडवते आणि मृणालताई एका व्यासपीठावर आल्या. 1942 च्या आंदोलनातील भूमिकेवरून समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात किती कटुता होती, हे जुने कार्यकर्ते जाणतात. दोन्ही बाजूंच्या पुरुष नेत्यांना ती कटुता पुढेही पुरली. या मैत्रिणींनी मात्र मतभेद न लपवता संयुक्त मोर्चा चालवून दाखविला. रेशनच्या रांगेत उभी असलेली बाई कोणाचा ठराव बरोबर होता हे विचारीत नव्हती; साखर कधी येणार, एवढेच विचारीत होती.

आणि या मोर्चाचे शस्त्र कोणते? लाटणे! नवऱ्याच्या पाठीत बसणारे लाटणे हा तोवर व्यंगचित्रांतला शिळा विनोद होता. हाच विनोद या बायकांनी उचलला आणि सरकारकडे वळविला. घराघरांतून थाळ्या वाजू लागल्या. पोलिसांनी लाठ्या-काठ्यांचा बंदोबस्त करावा. लाटण्याचा कसा करावा? जी बाई घोषणा द्यायला लाजत होती, ती थाळी वाजवायला लाजली नाही. पाच पानी पत्रकाने जे साधत नाही, ते स्वयंपाकघरातल्या एका वस्तूने साधले.

त्यांच्यातल्या आईविषयी बोलताना विशेष सावध राहिले पाहिजे. आपल्याकडे स्त्री-पुढाऱ्याला ‘माउली’ म्हटले की तिचे राजकारण विसरण्याची सोय होते. मृणालताईंचे मातृत्व असे सोवळ्यात बसणारे नव्हते. 1986 साली विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. 1988 साली महाराष्ट्राने यासंबंधीचा देशातील पहिला कायदा केला. एका मुलीच्या आईने न जन्मलेल्या मुलींसाठी दिलेली ही लढाई होती. नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून दिंडोशीला सहा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळाली, ती भावनेच्या उमाळ्याने नव्हे, तर कायद्याचा कीस काढून आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून.

आज मुंबईच्या वस्त्यांत हंड्यांच्या रांगा संपलेल्या नाहीत. अनधिकृत झोपडीतील माणसालाही पाण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. तरीही तो हक्क नळापर्यंत पोहोचविण्यासाठी झगडावेच लागते. अशा वेळी चळवळीतील अनेकांचा चेहरा मात्र कायमचा आंबट झालेला दिसतो. लोक सभेला येत नाहीत म्हणून लोकांवरच रागावण्याची सवय लागली आहे. आपल्याला जे आप्त मानीत नाहीत, ज्यांना आपल्याबरोबर हसणे कधी सुचत नाही, त्यांच्यामागे लोकांनी का यावे?

मृणालताईंना कामाची ददात नव्हती आणि दुःखाचीही नव्हती. तरी त्यांच्या मोर्चातून घरी परतणारी बाई थकलेली असे, पराभूत नसे. कारण दिवसभर ती मैत्रिणींच्या संगतीत असे. ही संगत पुन्हा निर्माण करणे हेच त्यांचे खरे स्मारक होय. त्यासाठी पूल बांधावा लागत नाही. नळावरच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते.