'रकम' बरोबर, 'मकर' चूक!

विस्कटलेली अक्षरे जुळवून शब्द ओळखण्याची कोडी आता दिवाळीच्या फराळाइतकीच घरोघर हक्काची झाली आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तोंडात चकलीचा तुकडा आणि कानावर पेन्सिल अशा थाटात घरातली चार माणसे एका पानावर ओणवी झालेली पाहिली की सण साजरा झाल्यासारखा वाटतो. तक्रार आहे ती कोडी घालणाऱ्या पंडितांविषयी!

गेल्या दिवाळीत आमच्या दहा वर्षांच्या नातीपुढे असेच एक कोडे आले. अक्षरे तीन : म, र, क. तिने झटकन लिहिले 'मकर'. शेवटच्या पानावर उत्तर छापले होते 'रकम'. पोरीने निमूटपणे आपला शब्द खोडला आणि विचारले, "आजोबा, मकर असा शब्दच नाही का?" दर संक्रांतीला तिळगूळ वाटत हिंडणारी मुलगी! पण छापील उत्तरापुढे तिचा स्वतःच्या भाषेवरचा विश्वास डळमळला. याला आम्ही करमणूक कशी म्हणावे?

वास्तविक तीन निरनिराळ्या अक्षरांच्या मांडण्या सहाच होतात. या सहांत 'मकर' आहे, 'रकम' आहे आणि 'कमर'ही आहे. तिन्ही शब्द खरे, आणि तिन्ही वेगवेगळ्या घरचे! 'रकम' अरबीतून आली, 'कमर' फारसीतून, आणि 'मकर' संस्कृतातला. हा मकर गंगेचे वाहन, मदनाच्या ध्वजावरचे चिन्ह आणि बारा राशींतली एक रास. त्याच्यातल्या 'क'चा 'ग' झाला आणि आपली नदीतली 'मगर' निघाली. त्या मगरीची अक्षरे हलवा, 'गरम' हाती येते! एवढी मौज तीन अक्षरांत दडलेली असताना पंडितांनी एक शब्द बरोबर ठरवून बाकीच्यांना घराबाहेर काढले.

यावर ते म्हणतील, "अहो, बक्षीस द्यायचे तर उत्तर एकच हवे." कबूल! मग अक्षरांशेजारी अर्थ द्या. 'पैसा' म्हणा, 'रकम' येईल. 'जलचर' म्हणा, 'मकर' येईल. 'जिथे पट्टा बांधतात ती' म्हणा, 'कमर' येईल. मुलाला अर्थाकडून शब्दाकडे जावे लागेल, आणि अन्यायही टळेल. पण अर्थ देण्यासाठी तो आधी स्वतःला ठाऊक असावा लागतो, शब्दकोश उघडावा लागतो. अडचण नेमकी तिथेच असावी, असा आमचा वहीम आहे!

मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली छापून काढला; तो परका मनुष्य आपल्या शब्दांचे अर्थ गोळा करीत बसला. आम्ही मात्र अक्षरे नुसती खुळखुळ्यासारखी हलवतो, शब्द जुळला की पान उलटतो. अर्थावाचून जुळवलेला शब्द म्हणजे तेलवात नसलेली पणती. रांगेत शोभते, पण उजेड पडत नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत एवढे करा. घरातल्या मुलाने वेगळा शब्द लिहिला तर उत्तराचे पान पाहण्याआधी त्याला अर्थ विचारा. अर्थ सांगता आला की गुण द्या. आमच्या नातीने खोडलेला 'मकर' पुन्हा लिहिला आहे आणि त्याखाली अर्थही. आमच्या घरी ते उत्तर बरोबर धरले गेले. पंडितांनी आपल्या घरी काय धरायचे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे!