धातूच्या काठिण्याचे राष्ट्रीय मानक: लहान कारागीर व उद्योजकांना त्याचा काय उपयोग?

कोयता, कुऱ्हाड, पाना किंवा यंत्राचा सुटा भाग बनवणाऱ्याला एक अडचण वारंवार येते. आपल्या गावाजवळच्या प्रयोगशाळेत मालाचे काठिण्य, म्हणजे कडकपणा, योग्य भरतो. खरेदीदाराच्या यंत्रावर मात्र तोच माल कमी भरतो आणि परत येतो. दोष मालात असतो की मोजण्यात? या प्रश्नाचे उत्तर काठिण्याच्या राष्ट्रीय मानकाशी जोडलेले आहे.

काठिण्य कसे मोजतात?

रॉकवेल पद्धतीच्या 'सी' मापात हिऱ्याचे शंकूसारखे टोक ठरलेल्या भाराने धातूवर दाबतात. एकूण भार 150 किलोग्रॅम-बल असतो. टोक जितके कमी रुतते, तितका आकडा मोठा येतो. या मापातील एक अंक म्हणजे फक्त 2 मायक्रॉन खोली. माणसाच्या केसाची जाडी साधारण 50 ते 100 मायक्रॉन असते. यावरून चूक किती सहज होऊ शकते, हे लक्षात येईल.

मानक सुधारायचे म्हणजे काय?

लांबी किंवा वजनासारखे काठिण्याला स्वतंत्र एकक नाही. ठरलेल्या रीतीने चाचणी केली की जो आकडा येतो, तेच काठिण्य. त्यामुळे रीत थोडी बदलली तरी आकडा बदलतो. शंकूचा कोन 120 अंश आणि टोकाची गोलाई 0.2 मिलिमीटर असावी लागते. प्रत्यक्षात दोन हिरे तंतोतंत सारखे नसतात. भार किती वेगाने दिला आणि किती सेकंद ठेवला, यानेही फरक पडतो. या बाबी अधिक काटेकोर ठरवणे आणि आपले आकडे इतर देशांच्या आकड्यांशी ताडून पाहणे, हीच मानकातील सुधारणा.

हे माप आपल्यापर्यंत कसे पोहोचते?

भारतात राष्ट्रीय मापन मानके जपण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तिथून प्रमाणित ठोकळे आणि कॅलिब्रेशनद्वारे हे माप एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे जाते आणि तिथून कारखान्यातील यंत्राकडे. वरचे मानक कितीही अचूक झाले, तरी शेवटच्या यंत्राचे कॅलिब्रेशन झालेले नसेल तर कारागिराला लाभ मिळत नाही. खरी उणीव बहुधा इथेच राहते. मोठा कारखाना हा खर्च सहज करतो, लहान कारागिराला मात्र तो जड जातो.

योजनांचा आधार कुठे मिळतो?

पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, हातोडा व अवजारे बनवणारे, कुलूप बनवणारे यांचा समावेश आहे. या योजनेत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पाणी देण्याची कला हातात असतेच, चाचणीमुळे ती कागदावर सिद्ध करता येते.

उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगांसाठी 2022 मध्ये एमएसएमई सस्टेनेबल (झेड) प्रमाणन योजना सुरू झाली. तीत प्रमाणन खर्चावर सूक्ष्म उद्योगांना 80, लघु उद्योगांना 60 आणि मध्यम उद्योगांना 50 टक्के अनुदानाची तरतूद आहे. झेड प्रमाणित उद्योगांना चाचणी व उत्पादन प्रमाणनाच्या खर्चापैकी 75 टक्के, कमाल 50,000 रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूदही आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याच्या अटी योजनेच्या अधिकृत पोर्टलवर तपासाव्यात.

लक्षात ठेवा

- स्वतः यंत्र घेणे आवश्यक नाही. प्रत्येक खेपेतील नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.
- त्या प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता काठिण्य चाचणीसाठी आहे का, ते विचारा.
- अहवालावर पद्धत व माप लिहिलेले असावे. रॉकवेल, ब्रिनेल आणि विकर्स यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत.
- ऑर्डर घेतानाच काठिण्य कोणत्या मापात आणि कुठून कुठपर्यंत चालेल, हे लेखी घ्या.
- माल परत आला, तर खरेदीदाराच्या यंत्राचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागा. ते मागण्यात संकोच करू नये.