आठशे अंशांचा बागुलबुवा

पेणजवळच्या हमरापूरच्या एका गणपती कारखान्यात बसून शिकल्यासवरल्या गृहस्थांनी निकाल दिला: पाणी विजेने फोडून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर आठशे अंशांना तापवायचा म्हणजे निव्वळ विजेची नासाडी, त्याचे सेल सिरॅमिकचे, तडकणार, पाणी खाडीकाठच्या खारेपाटाचं जाणार, आणि स्फोट झाला तर गावं उडणार. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. पाण्याचा रेणू फोडायला लागणारी सगळी ऊर्जा विजेचीच असावी लागत नाही. तिचा काही वाटा उष्णता उचलते, आणि तापमान चढेल तसा तो वाटा वाढतो. ८०० अंशांना विजेची किमान गरज साध्या तापमानापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने घटते. शिवाय इथे पाणी वाफ होऊनच सेलमध्ये शिरतं. किलोभर हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं आणि त्याची वाफ करायला सहाएक युनिटांइतकी उष्णता. ती शेजारच्या भट्टीने दिली की तेवढी वीज वाचली. नेहमीचा इलेक्ट्रोलायझर किलोमागे ५० ते ५५ युनिट खातो. बाहेरून वाफ मिळाली तर हा आठशे अंशांवरचा ४० युनिटांच्या आसपास भागवतो. आणि आठशे अंश सतत नव्याने कमवावे लागत नाहीत. बाहेर पडणारा वायू आत येणाऱ्या वाफेला तापवतो, उरलेली गरज सेलमधून वाहणारी वीजच उष्णता होऊन पुरवते. सेलमधल्या झिर्कोनिया या सिरॅमिकच्या पातळ थरातून ऑक्सिजनचे आयन पलीकडे जायला हे तापमान लागतंच. गृहस्थांनी निदान एकदा हिशेब मांडायला हवा होता. पीओपीच्या गणेशमूर्तींवरील बंदीच्या वादातही हमरापूर-जोहे या मूर्तिकारांच्या गावांनी हेच सोसलं: ज्यांनी कधी माती मळली नाही, त्यांनी मूर्तिकाराला शिकवलं.

तडकण्याचं म्हणाल, तर वारंवार थंड-गरम केल्याने सेल खराब होतात हे खरं. म्हणून ते चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यालगतच हवेत. तरीही याच जातीच्या सेलने २०२१ ते २०२३ या काळात मंगळावर सोळा वेळा तापून तिथल्या हवेतून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला.

स्फोटाचं भय दाखवणाऱ्यांनी अलिबागजवळच्या थळला जावं. तिथल्या खत कारखान्यात अमोनियासाठी हायड्रोजन १९८० च्या दशकापासून बनतो आहे.

पाण्याचं दुखणं मात्र खरं आहे आणि ते जुनं आहे. हेटवणे धरण पेणमध्ये, पाणी नवी मुंबईला, आणि खारेपाटातल्या बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. २००८ साली सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्यावर, २२ गावांनी मतदान केलं तेव्हाही हेटवण्याच्या पाण्याचा हक्क मुळाशी होता. पण वर्षाला हजार टन हायड्रोजनसाठी प्रत्यक्ष फुटणारं पाणी दिवसाला सुमारे २५ हजार लिटर, म्हणजे दोन-तीन टँकर. शुद्धीकरणातलं वाया जाणारं धरून आणखी थोडं. खारेपाटाची तहान यामुळे लागलेली नाही.

मग करायचं काय? वडखळजवळ डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. तिथे स्पंज आयर्नसाठी नैसर्गिक वायू वापरतात. त्यातला काही भाग हायड्रोजनने भागू शकतो. जर्मनीत झाल्त्सगिटरच्या पोलाद कारखान्यात ७२० किलोवॅटचा असा संच कारखान्याच्याच वाफेवर चालवून झाला आहे. राज्याचं हरित हायड्रोजन धोरण २०२३ पासून आहे. सेल आज महाग आहेत, पण छोट्या संचाने सुरुवात इथे नाही करायची तर कुठे?

पेणकरांनो, उद्या असा प्रस्ताव आला तर जनसुनावणीला जरूर जा. वीज कुठली, वाफ कुठली आणि हेटवण्याचं पाणी आधी कुणाला, याची उत्तरं लेखी मागा.