आकाशांतून पाहिलेलें रान

संगणकावर विमान उडविण्याचा जो खेळ हल्लीं मुलांमुलींत लोकप्रिय झाला आहे, त्याविषयीं पालकवर्गांत दोन मतें आढळतात. कित्येकांस तो वेळेचा निव्वळ अपव्यय वाटतो. कित्येकांस आपलें मूल घरबसल्या वैमानिक होऊं लागलें असें वाटून धन्यता वाटते. आमच्या मतें हीं दोन्ही मतें अपुरीं आहेत. या खेळांत शिक्षणाचा अंश पुष्कळ आहे. परंतु त्यांत एक मोठी उणीवही आहे, आणि यंत्र कितीही सुधारलें तरी ती यंत्राकडून भरून निघण्यासारखी नाहीं. ती भरून काढणें हें शाळेचें व घराचें काम आहे. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या सात विद्यार्थ्यांनीं मिळून उत्तर अमेरिकेंतील अलास्का या हिमप्रदेशावरून एक उड्डाणयात्रा केली. त्यांपैकीं चौघे जळगांवांत आपापल्या घरीं होते व तिघे धुळ्यास आजोळीं गेले होते. प्रत्येकाच्या समोर निराळा संगणक. परंतु आंतरजालाच्या योगानें सातही विमानें एकाच आकाशांत उडत होतीं व सातही जण एकमेकांशीं बोलत होते. त्यांनीं निवडलेला मार्ग नेनाना या गांवापासून समुद्रकांठच्या नोम गांवापर्यंतचा होता. या मार्गाची कथा ऐकण्यासारखी आहे. 1925 सालच्या जानेवारींत नोम येथें घटसर्पाची सांथ उद्भवली. समुद्र गोठल्यामुळें जहाजें बंद होतीं. विमानें त्या प्रदेशांत नुकतींच आलीं होतीं. पण त्यांतील वैमानिकाची बैठक उघडी असल्यामुळें तसल्या थंडींत तीं उडविणें धोक्याचें ठरलें. तेव्हां आगगाडीनें नेनानापर्यंत आलेलें औषध कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर घालून 20 गाडीवानांनीं आळीपाळीनें सुमारें 1,085 किलोमीटरांची वाट साडेपांच दिवसांच्या आंत तोडली व तें नोमला पोंचविलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं तोच प्रदेश दोन संध्याकाळीं मिळून पांचसहा तासांत ओलांडला.

या पांचसहा तासांत ते काय शिकले, हें आम्हीं त्यांस विचारून घेतलें. पहिली गोष्ट दिशेची. खानदेशांत होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेकडे असते. नेनानाजवळ ती दहा अंशांहून अधिक पूर्वेस ढळते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत वाचून जी कळली नव्हती, ती युकॉन नदीचा कांठ हातचा सुटल्याबरोबर कळली. दुसरी गोष्ट काळाची. आपल्याकडे रात्र पडते तेव्हां तेथें त्याच दिवसाची सकाळ उजाडत असते, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. वारा समोरून आला तर इंधन किती अधिक जळेल, याचें त्रैराशिक त्यांनीं आपण होऊन मांडलें; वर्गांत तेंच मांडावयास सांगितलें असतें तर कांहींनीं खचित कपाळास आठ्या घातल्या असत्या. सर्वांत महत्त्वाची गोष्ट सोबतीची. एकानें नकाशा पाहावयाचा, एकीनें हवामान सांगावयाचें, एकानें टिपण ठेवावयाचें, आणि जो मागें राहील त्याच्यासाठीं बाकीच्यांनीं घिरट्या घालीत थांबावयाचें, असा नियम त्यांनीं केला व पाळला. मागें राहिलेल्यासाठीं थांबावयास शिकविणाऱ्या खेळास आम्ही सहसा वाईट म्हणणार नाहीं.

शिवाय, अशा यंत्राचा जन्म खेळासाठीं झालेला नाहीं. अमेरिकेंतील एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. उपासनामंदिरांतील ऑर्गन ज्या भात्यांच्या व झडपांच्या योगानें वाजतो, त्याच भात्यांवर लाकडी विमान बसवून तें डावीउजवीकडे व खालींवर झुकविण्याची युक्ति त्यानें काढली व 1929 च्या सुमारास आपलें शिक्षणयंत्र सिद्ध केलें. प्रथम जत्रेंतील पाळण्यापलीकडे त्याची कोणी किंमत केली नाहीं. पुढें 1934 सालीं अमेरिकेच्या सैन्याकडे टपाल वाहण्याचें काम आलें, ढगांत व अंधारांत उडतांना अनेक वैमानिक प्राणांस मुकले, आणि मग सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत असंख्य वैमानिक त्यावर शिकून तयार झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा घरगुती खेळ 1982 सालीं निघाला, आणि 2020 सालच्या त्याच्या आवृत्तींत उपग्रहांवरून व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारें सारी पृथ्वीच पडद्यावर आली. ज्यांस तो विकत घेणें परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं फ्लाइटगिअरसारखा फुकट मिळणारा खेळही आहे. तात्पर्य, मनुष्याचे प्राण वांचविण्याच्या कामीं ज्या विद्येचा उपयोग झाला, तिची ही घरगुती धाकटी बहीण आहे. तिला दारांतूनच हांकून लावणें शहाणपणाचें नव्हे.

परंतु धाकटीस थोरलीचा मान देऊन चालत नाहीं. आपल्या देशांत व्यवसायी वैमानिकाचा परवाना मिळविण्यास 200 तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. मुलानें घरच्या संगणकावर हजार तास घालविले, तरी त्यांतील एक तासही या हिशेबांत धरला जात नाहीं. आमच्या खानदेशांत विमान ही आतां केवळ चित्रांतील वस्तु राहिलेली नाहीं. जळगांवच्या विमानतळाचें उद्‌घाटन 2012 सालीं, त्या वेळच्या राष्ट्रपति व याच जिल्ह्याच्या कन्या श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें झालें. धुळ्याजवळ गोंदूर येथें व शिरपूरजवळच्या धावपट्टीवर तरुणतरुणींनीं उड्डाणाचें शिक्षण घेतलें आहे. तेव्हां आपल्या मुलीनें किंवा मुलानें वैमानिक होण्याची इच्छा धरली, तर ती अशक्य कोटींतील म्हणून पालकांनीं हंसण्यावारी नेऊं नये. मात्र त्या शिक्षणास लक्षावधि रुपये लागतात, गणित व पदार्थविज्ञान हे विषय पक्के असावे लागतात, आणि त्यांत जिवाची जोखीम असते, हें मुलांस आधींच स्पष्ट सांगावें.

जिवाची जोखीम म्हणजे काय, हें पडद्यावर कळत नाहीं. नोमच्या यात्रेंत एका विद्यार्थ्याचें विमान ढगांत शिरून डोंगरावर आदळलें. सर्व जण हंसले. त्यानें एक कळ दाबली आणि क्षणांत तो पुन्हां आकाशांत होता. आतां हा दुसरा प्रसंग पाहा. 16 जुलै 2021 रोजीं शिकाऊ वैमानिकांचें एक लहान विमान आपल्याच जळगांव जिल्ह्यांत, चोपडे तालुक्यांतील वर्डी गांवाजवळ सातपुड्याच्या रानांत कोसळलें. शिक्षक जागच्या जागीं मरण पावले. शिकणारी तरुणी फार जखमी झाली. विमानापर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. अशा वेळीं तिच्याजवळ प्रथम कोण धांवून गेलें? त्याच रानांत राहणारे आदिवासी स्त्रीपुरुष. एका भिल्ल भगिनीनें आपली साडी दिली, तिची झोळी करण्यांत आली, आणि त्या झोळींतून जखमी तरुणीस खांद्यावर वाहून डोंगराखालीं आणलें गेलें.

या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. कारण आरंभीं ज्या उणिवेचा उल्लेख केला, ती येथें उघड होते. आकाशांतून पाहतां तें रान निर्जन दिसलें असतें. पडद्यावर तर तें अधिकच निर्जन दिसतें. कारण दुर्गम भागांतील घरें व झाडें यंत्र छायाचित्रांवरून आपल्याच अंदाजानें मांडीत असतें, आणि कुडाचें घर, त्यापुढील मक्याचें वावर, पाण्यास निघालेली बाई यांचा अंदाज त्यास नेमका येत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या टिपणांत अलास्काचें वर्णन करतांना “निर्जन” हा शब्द नऊ वेळां लिहिला आहे. वस्तुतः युकॉनच्या कांठीं तेथील मूळ रहिवासी हजारों वर्षांपासून राहत आले आहेत. उत्तर अमेरिकेंतील सर्वांत उंच पर्वतास त्यांनीं ‘डेनाली’, म्हणजे उंच असलेला, असें नांव दिलें. मागून आलेल्यांनीं त्यास मॅक्किन्ले म्हटलें. अमेरिकेच्या सरकारनें 2015 सालीं मूळ नांव परत दिलें व 2025 सालीं पुन्हां काढून घेतलें. ज्या मुलुखाच्या नांवावरून एवढी ओढाताण होते, तो निर्जन कसा? औषधाच्या त्या प्रसिद्ध धांवेंतही अनेक गाडीवान त्या मूळ रहिवाशांपैकींच होते, हेंही विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

आणि उत्तर म्हटली म्हणजे ती दूरच असली पाहिजे असें थोडेंच आहे? धुळ्याहून उत्तरेस निघालेलें लहान विमान तापी ओलांडून अर्ध्या तासाच्या आंत सातपुड्यावर येईल. यावलचें अभयारण्य 1969 सालापासून आहे. पालचें खोरें, अनेरचा कांठ, तोरणमाळचें पठार व तेथील तलाव, दिवाळींत जेथें यात्रेकरूंची रांग लागते तें अस्तंभ्याचें शिखर, हें सर्व आपल्या उत्तरेस आहे. पावरा, भिल्ल, तडवी यांचे पाडे तेथें डोंगराडोंगरांवर पसरले आहेत. नोमपर्यंतचीं गांवें क्रमानें सांगूं शकणाऱ्या आमच्या सात विद्यार्थ्यांपैकीं तोरणमाळ पाहिलेला एकच निघाला, आणि एकाही पाड्याचें नांव कोणास सांगतां आलें नाहीं. त्याच डोंगरांत आजारी माणसास किंवा अडलेल्या बाळंतिणीस बांबूच्या झोळींत घालून रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावें लागल्याचीं वृत्तें वृत्तपत्रांतून कितीदां तरी आलीं आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या नोमची कथा वाचून ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांस आपल्या शेजारच्या डोंगरांतील झोळी ठाऊक नसावी, ही गोष्ट आम्हांस फार लागते.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दाखला आमच्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास, तो कोणत्याही धर्माचा असो, परिचित आहे. वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्यास तिघांनीं पाहिलें. दोघे पाहून पुढें गेले, तिसरा जवळ गेला. पाहणें तिघांचें सारखेंच होतें. वर्डीच्या रानांत हाच दाखला घडला, आणि त्यांत शेजाऱ्याचें काम त्या लोकांनीं केलें ज्यांस आम्ही शहरांतील लोक आजपर्यंत वरून, म्हणजे दुरून, पाहत आलों. त्यांच्यावर दया करावी असें शिकविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्यापासून शिकावें, त्यांचीं नांवें जाणावीं, त्यांच्या वाटेनें एकदां तरी पायीं चालावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

म्हणून पालकांस आमची नम्र सूचना अशी कीं, हा खेळ बंद करूं नये, पण त्यास मर्यादा घालावी. अभ्यास व झोंप यांचा वेळ त्यास देऊं नये. मुलानें एकट्यानें उडण्यापेक्षां सोबत्यांबरोबर, मार्ग आधीं कागदावर आंखून उडावें. यात्रेनंतर जेवतांना त्यास विचारावें, “आज कोठें गेला होतास? तेथें कोण राहतात? ते काय खातात, कोणती भाषा बोलतात?” उत्तर देतां आलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं शोधून आणावयास सांगावें. या प्रश्नांस पैसा लागत नाहीं, आणि ज्या आईबापांस संगणकाचें ज्ञान नाहीं त्यांसही ते विचारतां येतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं आमची योजना निराळी आहे. पुढील यात्रा तुम्हीं गोंदूरहून निघून तापी, अनेर व सातपुडा यांवरून तोरणमाळपर्यंत करावी. पडद्यावर जेथें जेथें नुसतें हिरवें रान दिसेल, तेथें आपल्या नकाशावर एक खूण करावी. मग उन्हाळ्यापूर्वीं एखाद्या शनिवारीं आपले शिक्षक व वडील मंडळी यांच्यासह त्यांतील एका खुणेवर पायीं जावें आणि तेथें जो पाडा आढळेल त्याचें नांव, तेथील लोकांसच विचारून, आपल्या हातानें नकाशावर लिहावें. पुढील वर्षाच्या अंकांत तो नकाशा छापण्यास आम्हांस आनंद होईल. तुमच्यांतून उद्यां कोणी खरोखर वैमानिक झाली किंवा झाला, आणि त्या डोंगरांवरून उडण्याचा प्रसंग आला, तर खालीं कोण राहतें हें तिला किंवा त्याला माहीत असेल. आणि परमेश्वर तसा प्रसंग न आणो, पण आलाच, तर कोणास हांक मारावयाची हेंही माहीत असेल.